चार गाड्यांची जागा

थोडं मोठं लिहितोय. सवडीनं वाचा.

परवा ४ मेला मी 'ओहायो' हे जुनं गाणं इथं टाकलं होतं. त्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं की हे काय आहे, आणि दरवर्षी याच तारखेला का टाकतोस? एकाला तोंडी सांगायला लागलो आणि अर्धा तास बोललो. म्हटलं, एकदा सरळ लिहूनच टाकावं.

आमच्या होस्टेलवर १९८९ साली एक नव्वद मिनिटांची कॅसेट फिरत होती. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यावर बफेलो स्प्रिंगफील्ड, जोनी मिचेल, क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश-यंग, आर्लो गथ्री अशी सगळी मंडळी होती. गिटार, तीन-चार जणांचे एकात एक मिसळलेले आवाज, आणि आम्हाला निम्मेच कळणारे शब्द. निम्मे कळले तरी मत मात्र पूर्ण झालेलं होतं. ही गाणी म्हणजे लांब केस, व्हिएतनाम, शांतता आणि झालीच तर क्रांती! कुठली क्रांती, कुठं, कधी, असले प्रश्न त्या वयात कुणाला पडत नाहीत.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचायला लागलो तेव्हा गंमत कळली. यातली कितीतरी गाणी 'जगातल्या अन्यायाबद्दल' वगैरे नाहीतच. ती एकेका जागेबद्दल आहेत. अगदी पत्ता सांगता येईल अशा. एक रस्त्याचा कोपरा, एक कचऱ्याचा ढीग, एक पार्किंग. गाण्यांना मोठेपण नंतर चिकटलं. मुळातली भांडणं आपल्या नगरपालिकेच्या सभेत होतात त्या मापाची होती. एक सोडून. त्या एकावर शेवटी येतो.

आधी कोपरा. कामानिमित्त लॉस एंजेलिसला आठवडाभर होतो, तेव्हा एका संध्याकाळी मुद्दाम सनसेट बुलेव्हार्डवर गेलो. क्रेसेंट हाइट्स नावाचा रस्ता सनसेटला येऊन मिळतो, आणि सिग्नल ओलांडला की त्याच रस्त्याचं नाव बदलून लॉरेल कॅनियन होतं नि तो डोंगरात चढायला लागतो. या चौकात १९६६ साली 'पँडोराज बॉक्स' नावाचं एक छोटं कॉफी हाउस होतं. तिथं दारू मिळायची नाही, त्यामुळं सतरा-अठरा वर्षांची पोरंपोरीही येऊन बसायची, गाणं ऐकायची. रात्री फुटपाथवर गर्दी, रस्त्यावर गाड्यांची रांग. आसपासचे रहिवासी आणि हॉटेलवाले वैतागले. मग अठराच्या आतल्यांनी रात्री दहानंतर रस्त्यावर दिसायचं नाही हा जुना नियम पोलिसांनी कडक लावायला घेतला. १२ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री पँडोराज बॉक्ससमोर हजाराच्या आसपास पोरं जमली. जॅक निकल्सन आणि पीटर फोंडाही तिथं होते. फोंडाला तर पोलिसांनी बेड्या घातल्या. पुढं कित्येक आठवडे हा प्रकार चालू राहिला.

बफेलो स्प्रिंगफील्डचा स्टीफन स्टिल्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता. याच रस्त्यावरच्या व्हिस्की अ गो गो क्लबात त्यांचा बँड वाजवायचा. त्यानं हे बघून 'फॉर व्हॉट इट्स वर्थ' लिहिलं. ५ डिसेंबरला रेकॉर्डिंग, आणि पुढच्या वसंतात अमेरिकेच्या यादीत सातवा नंबर. आज हे गाणं लागलं की डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर आणि भातखाचरं येतात, कारण सिनेमावाल्यांनी ते व्हिएतनामच्या दृश्यांना जोडून दिलंय. 'फॉरेस्ट गंप'मध्ये बघा. स्टिल्सच्या डोक्यात युद्ध नव्हतंच असं नाही. पण निमित्त होतं एक कॉफी हाउस आणि दहाची वेळ.

गाणं गाजत असतानाच ऑगस्ट १९६७ मध्ये पँडोराज बॉक्स पाडलं. रस्ता नीट करायचा होता म्हणे. आता तिथं रस्त्याच्या मधला एक त्रिकोणी तुकडा आहे. मी तिथं दहा मिनिटं उभा होतो. एक पाटीसुद्धा नाही दिसली. शेजारच्या बस थांब्यावरच्या माणसाला विचारलं, तर त्यानं माझ्याकडंच संशयानं बघितलं.

त्याच चौकातून डोंगरात वर गेलं की लुकआउट माउंटन अव्हेन्यूवर जोनी मिचेलचं घर होतं. ग्रॅहॅम नॅश तेव्हा तिच्याबरोबर राहायचा. एका थंड सकाळी दोघं बाहेर नाश्ता करून परतताना तिनं एक फुलदाणी विकत घेतली. घरी आल्यावर तू फुलं लाव, मी शेकोटी पेटवतो एवढंच बोलणं झालं, आणि त्यानं तासाभरात 'अवर हाउस' लिहून टाकलं. बास. एवढंच आहे त्या गाण्यात. मला ते म्हणूनच आवडतं.

आता जोनी मिचेलच्या 'बिग यलो टॅक्सी'बद्दल. स्वर्ग उखडून पार्किंग केलं असा त्याचा आशय, बहुतेकांना माहीत असेल. सनसेटच्या याच चौकात पँडोराज बॉक्ससमोर 'गार्डन ऑफ अल्ला' नावाचं नामांकित हॉटेल होतं. ते १९५९ साली पाडलं आणि तिथं बँक आली, तिच्याबरोबर गाड्या लावायची जागा आली. त्यामुळं ते गाणं या हॉटेलवर आहे असं लॉस एंजेलिसमधले कित्येक जण छातीठोक सांगतात. जुळतं तर इतकं छान की खरंच वाटावं. पण जोनीनं स्वतः सांगितलंय ते वेगळं आहे. ती पहिल्यांदा हवाईला गेली, रात्री टॅक्सीनं हॉटेलवर पोचली. सकाळी पडदा सारला तर लांबवर हिरवेगार डोंगर, आणि खाली बघितलं तर नजर पोचेल तिथपर्यंत पार्किंग. तिथंच बसून गाणं लिहिलं. त्यात झाडांच्या संग्रहालयाचा उल्लेख येतो, ते होनोलुलुचं फॉस्टर बोटॅनिकल गार्डन. तिकीट काढून झाडं बघायची! १९७० सालची ही गोष्ट. गाण्यात ती शेतकऱ्याला डीडीटी बाजूला ठेवायला सांगते, आणि अमेरिकेत शेतीवर डीडीटीला बंदी आली १९७२ मध्ये.

पार्किंग हा शब्द लक्षात ठेवा. पुन्हा लागणार आहे.

कचऱ्याच्या जागेला मी गेलेलो नाही, ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. पण ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रेट बॅरिंग्टन गावाजवळ एक वापरातून गेलेलं चर्च होतं. ॲलिस आणि रे ब्रॉक या जोडप्यानं ते घेऊन घर केलं होतं. दोघं जवळच्या शाळेत नोकरीला, ती ग्रंथपाल, तो सुतारकाम शिकवणारा. त्यांचा जुना विद्यार्थी आर्लो गथ्री, म्हणजे थोर गायक वुडी गथ्रीचा मुलगा, १९६५ च्या थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडं जेवायला गेला. वय अठरा. चर्चमध्ये साठलेला कचरा टाकून येतो म्हणून तो आणि एक मित्र गाडी भरून निघाले, तर सणामुळं कचरा डेपो बंद. मग शेजारच्या स्टॉकब्रिज गावात एका उतारावर दिला ढकलून. पोलीसप्रमुख विल्यम ओबनहाइन यांनी ढीग उपसला आणि त्यात ब्रॉकच्या नावाचं एक पाकीट सापडलं. अटक, कोर्ट, प्रत्येकी २५ डॉलर दंड आणि कचरा उचलून न्या. पोलिसांनी पुरावा म्हणून फोटो काढून आणलेले, आणि समोर बसलेले न्यायाधीश अंध! हे रचलेलं नाही. जेम्स हॅनन खरोखरच अंध होते.

यावर आर्लोनं साडेअठरा मिनिटांचं 'ॲलिसेज रेस्टॉरंट मॅसेकर' केलं. १९६७ मध्ये रेकॉर्ड आली. त्यात निम्म्या वाटेवर गोष्ट कचऱ्यावरून न्यूयॉर्कच्या व्हाइटहॉल स्ट्रीटवर जाते, जिथं सैन्यभरतीची तपासणी व्हायची. तिथं अधिकारी विचारतात, तुझ्यावर काही गुन्हा आहे का? आहे, कचरा टाकल्याचा. मग माणसं मारायला पाठवण्याइतका हा पोरगा सभ्य आहे का, याची चौकशी सुरू होते. हसता हसता घशात अडकतं ते इथं. प्रत्यक्षात आर्लो कचऱ्यामुळं सुटला नव्हता. तो भरतीला लायक ठरला होता, पुढं सोडतीत त्याचा नंबर लागला नाही इतकंच. पण बाकीचं गावासकट खरं. पुढं १९६९ ला सिनेमा निघाला तेव्हा ओबनहाइन आणि न्यायाधीश हॅनन दोघांनी स्वतःचीच कामं केली. ते चर्च आर्लोनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतलं. आता तिथं कुणीही यावं, जेवावं, असं केंद्र चालतं. ॲलिस ब्रॉक नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात.

इथपर्यंतच्या जागा एका परीनं सुखरूप आहेत. एक रस्त्यात गेली, एका जागी जेवणाच्या पंगती बसतात. आता ओहायो.

माझी भाची केंटला एमएस करत होती. क्लीव्हलँडपासून गाडीनं तासाभरावर हे छोटंसं गाव. मी तिच्याकडं गेलो आणि केंट स्टेट युनिव्हर्सिटीत ती जागा बघायचीय म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "मामा, टेलर हॉलजवळ ना? आमच्या रोजच्या रस्त्यावरच आहे." सकाळी आम्ही चालत गेलो.

आधी एक मोठं मैदान लागतं, त्याला कॉमन्स म्हणतात. कडेला विटांच्या चौथऱ्यात बसवलेली घंटा. फुटबॉलची मॅच जिंकली की वाजवायची ती. मैदानाच्या पलीकडं टेकडी, टेकडीवर टेलर हॉल. टेकडी ओलांडून पलीकडं उतरलं की पार्किंग. सगळं मिळून आपल्या एखाद्या कॉलेजच्या आवारापेक्षा फार मोठं नाही. मी मनात कायम काहीतरी प्रचंड धरून बसलो होतो.

३० एप्रिल १९७० ला निक्सननं टीव्हीवर सांगितलं की सैन्य कंबोडियात घुसलंय. युद्ध आवरतं घेतो म्हणणाऱ्या माणसानं ते वाढवलं. देशभर कॉलेजं पेटली. केंटमध्ये १ मेच्या रात्री गावात काचा फुटल्या, महापौरांनी राज्यपालांकडं मदत मागितली, २ मेच्या रात्री युनिव्हर्सिटीतली सैनिकी प्रशिक्षणाची जुनी लाकडी इमारत जाळली गेली. नॅशनल गार्ड आवारात उतरले. ४ मे, सोमवार. दुपारी बाराची सभा बेकायदा ठरवलेली, तरी घंटा वाजली आणि पोरं जमली. सभेला आलेले, नुसते बघे आणि वर्ग सुटून जाणारे, सगळेच मिसळलेले. अश्रुधूर सोडला, गार्ड टेकडी चढून पलीकडं उतरले, सरावाच्या मैदानात दहाएक मिनिटं थांबले आणि परत टेकडी चढायला लागले. बऱ्याच जणांना वाटलं, संपलं. माथ्यावर पोचल्यावर काही जण मागं वळले आणि १२ वाजून २४ मिनिटांनी गोळ्या सुटल्या. २८ गार्डनी तेरा सेकंदांत ६१ ते ६७ फैरी झाडल्या.

चौघं मेली. जेफ्री मिलर, वय २०. ॲलिसन क्राउझ, १९. सँड्रा शॉयर, २०. विल्यम श्रोडर, १९. नऊ जखमी, त्यातला एक कमरेखाली कायमचा अधू. गेलेल्यांत सगळ्यात जवळ होता मिलर, तो सुमारे ८० मीटरवर. बाकीचे तिघं शंभर मीटरच्या पलीकडं. शॉयर वर्गाकडं निघाली होती. श्रोडर तर स्वतः सैनिकी प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता. टेलर हॉलसमोर जाड पोलादाचं एक शिल्प आहे, त्याच्यातून आरपार गेलेल्या गोळीचं भोक आजही तसंच ठेवलंय. भोकात करंगळी जाते. मी घालून बघितली, आणि नंतर उगाच घातली असं वाटलं.

नील यंगच्या हातात 'लाइफ' मासिकाचा अंक पडला. त्यातले फोटो बघून त्यानं तिथंच गाणं लिहिलं. २१ मे ला चौघांनी लॉस एंजेलिसमध्ये ते रेकॉर्ड केलं आणि जूनमध्ये ते रेडिओवर होतं. आपल्याकडं शाहीर घटनेचा पोवाडा ताजा ताजा चौकात आणायचे, तसला हा वेग. याच चौघांचं 'टीच युवर चिल्ड्रन' तेव्हा यादीत वर चढत होतं. स्वतःचंच चालतं गाणं मागं पडेल हे माहीत असून त्यांनी हे बाहेर काढलं. गाण्यात निक्सनचं नाव थेट आहे, म्हणून काही रेडिओ स्टेशनांनी ते लावलंच नाही.

आपल्याला आज वाटतं की सगळा देश हळहळला असेल. तसं झालं नाही. त्या महिन्यातल्या गॅलपच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डना फक्त ११ टक्क्यांनी. राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगानं त्याच वर्षी हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला, तरी शिक्षा कुणालाच झाली नाही. आठ गार्डवर खटला उभा राहिला, तो १९७४ मध्ये न्यायाधीशांनी काढून टाकला. १९७९ मध्ये तडजोड झाली. राज्यानं जखमींना आणि कुटुंबांना मिळून ६,७५,००० डॉलर दिले, त्याबरोबर खेद व्यक्त करणारा एक कागद.

पण मला लिहायचंय ते त्या जमिनीबद्दल. जिथं ही पोरं पडली ते पार्किंग, पार्किंगच राहिलं. १९७१ मध्ये एका विद्यार्थी संघटनेनं छोटा फलक लावला, १९७४ मध्ये तो चोरीला गेला. मग प्राध्यापकांनी दगडाचा बसवला. युनिव्हर्सिटीनं पाच वर्षं स्मृतिदिन पाळला आणि नंतर बास म्हणाली. ते काम विद्यार्थ्यांनी हातात घेतलं. १९७७ मध्ये तर गार्ड जिथं थांबले होते त्या सरावाच्या मैदानाच्या एका भागावर व्यायामशाळा बांधायचं ठरलं. मुलांनी टेकडीवर तंबू ठोकले. ६२ दिवस ते तंबूत राहिले. १२ जुलैला पोलिसांनी १९४ जणांना उचललं. त्यांत मेलेल्यांचे आईवडीलसुद्धा होते. व्यायामशाळा झालीच. आज तिथं उभं राहिलं की त्या दिवशीच्या हालचाली डोळ्यांसमोर नीट येत नाहीत, कारण मध्ये ती इमारत आहे.

त्यानंतर एका संस्थेनं जॉर्ज सेगल या शिल्पकाराकडून स्मारक करून घेतलं. बायबलमधला अब्राहम मुलाचा बळी द्यायला निघालाय, असं शिल्प. युनिव्हर्सिटीनं १९७८ मध्ये ते नाकारलं. ते आता प्रिन्स्टनमध्ये आहे. शेवटी १९९० मध्ये टेकडीवर एक अधिकृत स्मारक झालं, मूळ आराखड्यापेक्षा खूप लहान. पोरं पडली तिथं तेही नाही.

आणि या सगळ्या वर्षांत त्या चार जागांवर गाड्या लागत होत्या. हे मी वाचलेलं होतं, पण तिथं उभं राहिल्यावर अंगावर आलं. दरवर्षी ३ मेच्या रात्री अकराला मेणबत्त्या घेऊन फेरी निघते. मग चारही जागांवर आळीपाळीनं कुणीतरी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२.२४ पर्यंत उभं राहतं. १९७१ पासून हे चालू आहे. ते उरकलं की जागा परत रिकामी आणि सकाळी आठला कुणाची तरी फोर्ड नाहीतर टोयोटा तिथं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. लोकांना कामावर जायचं असतं, आणि कुठंही जा, पार्किंग मिळत नाही. कुटुंबांनी मागणी लावून धरली तेव्हा १९९९ मध्ये त्या चार जागा बंद केल्या. जमिनीवर चौकट, नाव, भोवती गुडघ्याच्या वर येणारे दिव्यांचे खांब. चार गाड्यांची जागा सोडायला २९ वर्षं लागली. जखमी झालेल्या नऊ जणांच्या जागांवर खुणा आल्या त्या २०२१ मध्ये.

आता सगळं रीतसर आहे. २०१६ मध्ये या आवाराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. टेलर हॉलमध्ये संग्रहालय आहे आणि ते उत्तम आहे, काही लपवलेलं नाही. मागं मी एका पोस्टमध्ये 'अमेरिकेनं आपल्या चुका कशा जपल्यात बघा' असं काहीतरी भारावून लिहिलं होतं. ते मागं घेतो. अमेरिकेनं जपल्या नाहीत, काही आईबापांनी आणि दर चार वर्षांनी बदलणाऱ्या पोरांनी जपायला लावल्या.

आणि यात गाण्याचा वाटा किती, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. केंटनंतर अकराच दिवसांनी, १५ मे १९७० ला, मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर चारशेहून अधिक फैरी झाडल्या. फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन मेले. ग्रीन तर शाळेत जाणारा पोरगा, कामावरून घरी निघालेला. तिथं गोळीबाराचा रस्ता पुढं वाहनांना कायमचा बंद केला आणि त्या चौकाला दोघांची नावं दिली. म्हणजे जागेच्या बाबतीत जॅक्सननं केंटपेक्षा लवकर शहाणपण दाखवलं. पण जगभर रेडिओवर वाजेल असं गाणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. होस्टेलच्या कॅसेटवर केंट होतं, जॅक्सन नव्हतं, आणि मला जॅक्सनचं नाव कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

आम्ही पार्किंगमध्ये होतो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. मिलरच्या खांबांवर कुणीतरी ओळीनं छोटे दगड ठेवले होते. ज्यू लोक कबरीवर ठेवतात तसे, भाचीनं सांगितलं. तेवढ्यात एक निळी गाडी जागा शोधत आली, रिकामं दिसलं म्हणून वळली, खांब बघून थांबली आणि मागं घेऊन दुसऱ्या रांगेत गेली. गाडीतून एक मुलगी उतरली, पाठीला सॅक, हातात कॉफी. उशीर झाला असावा. ती पळतच टेकडी चढली.